घेणे, मान्य करणे आणि पत्करणे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



धर्मादाय संस्थेच्या उत्सवात बोलावयास उभे राहिले, म्हणजे वक्त्याने दानाची थोरवी गावी अशी आपल्याकडील रीत आहे. आजवर या व्यासपीठावरून ती पुष्कळांनी उत्तम प्रकारे गाइली आहे. मी मात्र आज दानाच्या दुसऱ्या टोकाविषयी, म्हणजे घेण्याविषयी बोलणार आहे. आणि तेही एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने. तो शब्द म्हणजे 'ॲक्सेप्टन्स'.

उत्सवाच्या दिवशी हा व्याकरणाचा तास कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास ते साहजिक आहे. परंतु आपला बेळगाव-निपाणीचा मुलूख कसा आहे ते पाहा. येथला माणूस तीन भाषांत जगतो. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बँक, विमा कंपनी, वरिष्ठ न्यायालय, नोकरीचा अर्ज, हातातला मोबाइल या सर्व ठिकाणी इंग्रजी. भाषा तीन असल्या तरी सही एकच. ती सही ज्या इंग्रजी शब्दाखाली वारंवार पडते, त्या शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक नसेल, तर त्याचे मोल पैशांत आणि कधी कधी जमिनीत मोजावे लागते. म्हणून हा विषय.

इंग्रजी आणि मराठी शब्दांचा मेळ घालण्याचे काम आपल्या गावाला नवे नाही. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावातच झाला. मोल्सवर्थसाहेबांच्या मोठ्या मराठी-इंग्रजी कोशाची सुटसुटीत आवृत्ती त्यांनी १८६३ मध्ये सिद्ध केली. तेव्हा शब्दांच्या या व्यापारात आपण बेळगावकर जुने भागीदार आहोत, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम शब्दांचे मूळ पाहू. इंग्रजी 'ॲक्सेप्ट' लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ 'आपल्याकडे घेणे' एवढाच. आपला 'स्वीकार' याहून एक पाऊल पुढे जातो. जे आपले नव्हते ते आपले करणे, हा त्याचा अर्थ. 'अंगीकार' त्याच्याही पुढचा. त्यात ती गोष्ट आपल्या अंगाचाच भाग होते. 'कबूल' आणि 'मंजूर' हे अरबी शब्द फारसीच्या वाटेने दरबारातून आपल्याकडे आले. 'मंजूर' आणि 'नजर' यांचे मूळ एकच. वरिष्ठांची नजर ज्या अर्जावर पडली तो मंजूर. हे दोन्ही शब्द कन्नडमध्येही आहेत, म्हणजे सीमेच्या अलीकडे-पलीकडे दरबार एकाच भाषेत बोलला. कन्नडचा स्वतःचा शब्द 'ओप्पिगे'. तो 'ओप्पु'पासून झाला आणि 'ओप्पु' म्हणजे पटणे, तसेच शोभणेही. जे शोभते ते पटते, ही कल्पना मोठी गोड आहे.

आता गंमत पाहा. आपण आमंत्रण स्वीकारतो, अट मान्य करतो, गुन्हा कबूल करतो, राजीनामा मंजूर करतो, हुंडी सकारतो, धोका पत्करतो, व्रत अंगीकारतो आणि अवघड कामाचा विडा उचलतो. इंग्रज मनुष्य यांपैकी बहुतेक ठिकाणी एकच 'ॲक्सेप्ट' वापरून मोकळा होतो. आपल्या भाषेने निरनिराळ्या खोल्या बांधल्या. इंग्रजीने एक मोठे दालन बांधले. दालनात शिरलेल्या माणसाने आपण कोणत्या कोपऱ्यात उभे आहोत हे स्वतःच ओळखावयाचे असते. आपली गफलत नेमकी तेथे होते.

पहिला भेद 'रिसीव्ह' आणि 'ॲक्सेप्ट' यांमधला. जुन्या पत्रांत आपले वाडवडील 'पत्र पावले' असे लिहीत. पावणे म्हणजे हाती येणे. त्यात मनाचा होकार नाही. 'रिसीव्ह' म्हणजे पावणे. कचेरीत अर्ज दिला की कारकून त्यावर 'रिसीव्हड्' असा शिक्का मारतो. ती पोच होय, मान्यता नव्हे. तरी त्या शिक्क्याची प्रत जपून ठेवून 'माझा अर्ज झाला' असे समजणारी आणि पुढील मुदत चुकवणारी मुले मी पाहिली आहेत. मुलांनो, पोच हा तुम्ही अर्ज दिल्याचा पुरावा आहे. त्यांनी तो घेतला, एवढेच तो सांगतो. त्यांनी तो मानला की नाही, हे दुसऱ्या कागदावर यावयाचे असते.

दुसरा भेद 'ॲग्री' आणि 'ॲक्सेप्ट' यांचा. 'मी येण्याचे कबूल करतो' याचे इंग्रजी आपली मुले 'आय ॲक्सेप्ट टु कम' असे करतात. इंग्रजीत ते चालत नाही. 'ॲक्सेप्ट'पुढे वस्तू यावी, म्हणजे आमंत्रण, देणगी, नोकरी किंवा क्षमायाचना. काही करण्याचे कबूल करावयाचे असेल तर 'ॲग्री' वापरावे. नोकरीच्या पत्राला उत्तर देताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

तिसरी गोष्ट उच्चाराची. 'ॲक्सेप्ट' म्हणजे घेणे आणि 'एक्सेप्ट' म्हणजे वगळणे. आपल्या तोंडी दोन्ही एकच होतात आणि लिहिताना पहिल्या अक्षराची गल्लत होते. 'सर्व अटी मान्य' लिहावयास जावे आणि 'सर्व अटी वगळून' असे होऊन बसावे! पेठेतील व्यापारी बंधूंच्या बिलाच्या तळाशी 'ई. अँड ओ. ई.' अशी अक्षरे छापलेली असतात. त्यांतील शेवटचे 'ई' हे वगळण्याचे आहे, मान्य करण्याचे नाही. हिशेबात चूक अथवा राहून गेलेली बाब निघाली तर ती या बिलाने पक्की झाली असे समजू नये, हा त्याचा अर्थ. आपल्या जुन्या वह्यांत हेच 'चूकभूल द्यावी घ्यावी' म्हणून लिहीत आणि माझ्या मते ते इंग्रजीपेक्षा अधिक सरळ होते.

आता कायद्याकडे वळू. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने त्यास संमती कळवावी, म्हणजे प्रस्ताव 'ॲक्सेप्ट' झाला आणि त्याचे वचन झाले, असे तो कायदा सांगतो. ही संमती निखळ आणि बिनशर्त असावी लागते. समजा, निपाणीच्या व्यापाऱ्याने तंबाखूला एक दर सांगितला आणि शेतकरी म्हणाला, "हो, पण सगळी रक्कम माल उचलण्यापूर्वी पाहिजे." आपल्याला वाटते सौदा ठरला. कायदा म्हणतो, नाही. त्या 'पण'ने पहिला प्रस्ताव बाजूला पडला आणि शेतकऱ्याकडून नवा प्रस्ताव निघाला. आता 'हो' म्हणण्याची पाळी व्यापाऱ्याची. आपले लोक इसार देऊन आणि इसारपावती करून सौदा बांधत, त्यामागे हेच शहाणपण होते.

आणि कोणी काहीच बोलले नाही तर? आपल्याकडे मौन हे संमतीचे लक्षण समजतात. इंग्रजांच्या न्यायालयाने १८६२ साली याच्या उलट निवाडा दिला. एका काकाने पुतण्याला लिहिले की, तुझा घोडा मी तीस पौंड पंधरा शिलिंगांना घेतो. तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा माझा झाला असे समजेन. पुतण्याची इच्छा देण्याचीच होती, पण त्याने उत्तर लिहिले नाही. पुढे त्याच्या जनावरांचा लिलाव झाला. हा घोडा वगळा, असे त्याने लिलाववाल्यास सांगितले होते. तो विसरला आणि घोडा विकला गेला. काकाने लिलाववाल्यावर फिर्याद केली. न्यायालय म्हणाले, घोडा तुझा झालाच नव्हता. पुतण्याने होकार तुला कळवलाच नाही आणि गप्प राहण्याला तू आपल्या मर्जीने होकार ठरवू शकत नाहीस. आपल्या घराघरांत वडीलधाऱ्यांनी हा निवाडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुलगी खाली मान घालून गप्प बसली म्हणजे स्थळ पसंत आहे, असे धरून चालण्याचा काळ आता गेला. तिला विचारावे आणि तिचे उत्तर ऐकावे.

याच्या उलट, न बोलता नुसत्या कृतीनेही स्वीकार होतो, हेही कायदा मानतो. मोबाइलवर 'आय ॲक्सेप्ट' असे लिहिलेल्या चौकोनावर आपण दिवसातून कितीदा बोट ठेवतो! ते बोट म्हणजेही एका अर्थी सहीच.

यापुढचा अर्थ सर्वांत जड आहे. ज्या घरांत हुंडीचा व्यवहार होता, तेथे 'सकारणे' हा शब्द अजून ऐकू येतो. मुदती हुंडी कोणी आपल्या नावावर लिहिली, एवढ्याने आपण देणेकरी होत नाही. आपण ती सकारली, म्हणजे तिच्यावर सही केली, की मुदत भरताच पैसे मोजण्याची जबाबदारी आपली. इंग्रजी व्यापारी भाषेत या सकारण्यालाच 'ॲक्सेप्टन्स' म्हणतात. येथे घेणे नाही, उलट देणे आहे. काही मिळत नाही, अंगावर येते. आमंत्रण 'ॲक्सेप्ट' करणारा आणि हुंडी 'ॲक्सेप्ट' करणारा एकच क्रियापद वापरतात, पण पहिला जेवून येतो आणि दुसरा तिजोरी उघडतो.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ होते. भावकीतल्या एकाने कर्ज काढले आणि कागदावर यांची सही घेतली. 'आण्णा, तुम्ही नुसते साक्षीला,' असे तोंडी सांगण्यात आले. सहीच्या वर इंग्रजीत 'ॲक्सेप्टेड' असे होते आणि कागद जामीनकीचा होता. करारात वेगळे काही लिहिले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, असे करार कायदा स्पष्ट सांगतो. कर्ज थकले, नोटीस यांना आली आणि दोन हंगामांची तंबाखू त्या एका सहीत गेली. ते अडाणी नव्हते. ज्ञानेश्वरी वाचणारे होते. फक्त तो शब्द त्यांच्या भाषेतला नव्हता.

आता मी माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे; आणि हे जेव्हा स्पष्ट लिहावे लागते, तेव्हा न लिहिल्यास हक्क जातो. याचे सर्वांत चांगले उदाहरण जमीन संपादनाचे आहे. सरकारने जमीन घेतली आणि ठरवलेला मोबदला कमी वाटला, तर शेतकऱ्याने काय करावे? पैसे नाकारले तर घर चालत नाही. घेतले तर 'मान्य' ठरते. १८९४ च्या कायद्याने यातून वाट ठेवली होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यातही ती कायम आहे. मोबदला 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत राखून घेता येतो. तसे नोंदवून पैसे उचलले, तर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा मार्ग खुला राहतो. हरकत न नोंदवता उचलले, तर त्या कायद्याखाली दाद मागण्याचा तो अर्ज करता येत नाही. दोन शेतकरी, एकच रक्कम, एकच खिडकी. पण दोन शब्दांनी एकाचे दार उघडे राहिले आणि दुसऱ्याचे मिटले. विम्याच्या पावतीवर 'फुल अँड फायनल' असे छापलेले असते, तेथेही सही करण्यापूर्वी असाच विचार करावा.

हरकत राखून घेणे हा भित्रेपणा नव्हे, आणि लबाडीही नव्हे. राजकारणात त्याचा मोठा दाखला लोकमान्य टिळकांचा आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये याच बेळगावात त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. पुढे १९१९ साली माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या, तेव्हा त्या अपुऱ्या आणि निराशाजनक आहेत असे अमृतसरच्या काँग्रेसने ठरावात सांगितले. टिळकांची भूमिका अशी की, दिले आहे ते पदरात घ्यावे, ते राबवावे आणि उरलेल्यासाठी झगडत राहावे. यालाच त्यांनी प्रतियोगी सहकारिता म्हटले. तो स्वीकार होता, पण समाधान नव्हते.

आणि आता, या भागात बोलताना जो विषय टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल, त्याविषयी दोन शब्द. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि चंदगड वगळून आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. म्हैसूरने तो मान्य केला, महाराष्ट्राने अमान्य केला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा निवाडा या व्यासपीठावर करावयाचा नाही. मला शब्दापुरतेच बोलावयाचे आहे.

येथला मराठी माणूस कर भरतो, मतदान करतो, त्याची मुले कन्नड शिकतात. यावरून एक बाजू म्हणते, 'पाहा, यांनी आता सारे ॲक्सेप्ट केले.' दुसरी बाजू कन्नड बोलणाऱ्या आपल्याच मुलाकडे संशयाने पाहते आणि म्हणते, 'हा त्यांचा झाला.' दोन्ही बाजूंची चूक एकच. त्या पोच आणि मान्यता, स्वीकार आणि कबुली यांची सरमिसळ करतात. एखाद्या निर्णयाला मान्यता द्यावी की न द्यावी, हा प्रत्येकाच्या विवेकाचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. शेजाऱ्याची भाषा आपलीशी करणे हा निराळा प्रश्न आहे. कन्नड शिकणारा मुलगा कशाचीही कबुली देत नाही. तो फक्त आपले घर मोठे करतो. त्याचप्रमाणे, सनदशीर मार्गाने 'हे मला मान्य नाही' म्हणणारा माणूस शेजाऱ्याचा शत्रू होत नाही. हे दोन शब्द आपण वेगळे ठेवू शकलो, तर आपल्या गल्ल्यांतील पुष्कळ कटुता कमी होईल, अशी माझी समजूत आहे. आणि अनेक गल्ल्यांतील बायांनी ते केव्हाच वेगळे ठेवले आहेत. हळदीकुंकवाला बोलावताना त्या आयोगाचा अहवाल विचारीत नाहीत.

माणसाचा स्वीकार हा तर या शब्दाचा आणखी एक अर्थ. 'सासरने तिचा स्वीकार केला' हे वाक्य अलीकडे छापून येते, परंतु त्याला इंग्रजीचा वास येतो. आपल्या आज्या म्हणत, 'ती त्या घरात रुळली,' 'त्यांनी तिला आपलीशी केली.' रुळण्यात दोघांचे श्रम आहेत. येणारीने रुळावयाचे आणि घराने जागा करून द्यावयाची.

दुःखाच्या बाबतीतही आजकाल डॉक्टर मंडळी 'ॲक्सेप्टन्स' म्हणतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या विदुषीने १९६९ साली मरणोन्मुख रुग्णांवर पुस्तक लिहिले आणि मनाच्या पाच अवस्था सांगितल्या. नाकारणे, संताप, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी 'ॲक्सेप्टन्स'. याचे मराठी 'पदरी पडले पवित्र झाले' असे करू नये. त्यात हात टेकणे आहे. 'पत्करणे' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. 'त्याने मरण पत्करले, पण शरण गेला नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात निवड असते, ताठ कणा असतो. जे टळत नाही त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणे, हा तो अर्थ.

आता शेवटी दानाकडे. देणगी देणाऱ्याच्या एकट्याच्या इच्छेने दान पुरे होत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की, बक्षीसपत्राने दिलेली वस्तू घेणाऱ्याने, किंवा त्याच्या वतीने कोणी, देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारली पाहिजे. नाही तर ते बक्षीस रद्द. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही घेणारा हा दानाचा निम्मा कर्ता आहे. ज्या संस्थेने पन्नास वर्षे शिष्यवृत्त्या वाटल्या, तिने हे जरूर ध्यानात ठेवावे. व्यासपीठावर येऊन पाकीट घेणारा मुलगा खाली मान घालून येतो, तेव्हा मला वाईट वाटते. बाळा, तू घेतलेस म्हणून हे दान झाले. मान वर करून घे. तू पैसे घेत आहेस. कोणाचे मिंधेपण सकारीत नाहीस.

विश्वस्त मंडळींना माझी एक विनंती आहे. आपल्या शिष्यवृत्तीच्या आणि मदतीच्या अर्जांवर इंग्रजी ओळीखाली तीच ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये छापावी. आणि महिन्यातून एक सायंकाळ संस्थेच्या खोलीत एखाद्या वकिलाने व एखाद्या शिक्षकाने बसावे. ज्याला कर्जाचा, विम्याचा, जमिनीचा, नोकरीचा इंग्रजी कागद आला असेल त्याने तो घेऊन यावा आणि सही करण्यापूर्वी समजून घ्यावा. याला इमारत लागत नाही, फारसा निधीही लागत नाही. परंतु अशी खोली वेळेवर असती, तर त्या शेतकरी गृहस्थांची दोन हंगामांची तंबाखू वाचली असती.

त्या खोलीत कोणताही 'ॲक्सेप्टेड' समोर आला की चार प्रश्न विचारावेत. मी काय घेत आहे? मी काय कबूल करीत आहे? मी अंगावर काय घेत आहे? आणि मी काय राखून ठेवीत आहे? चारही उत्तरे आपल्या भाषेत देता आली, म्हणजे मग सही करावी.

 आपल्या या शांततेचा अर्थ मी संमती असा करीत नाही. तो माझ्यापुढचा १८६२ चा निवाडा मला करू देत नाही. जे पटले नसेल ते जरूर विचारा. संस्थेचा हीरकमहोत्सव याहून मोठ्या कार्याने साजरा होवो, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.